पिटुकलीच्या मापाचा हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका, माणसाचा नव्हे. लहान मुलं शर्यतीत चालवतात ती चार चाकांची, उघडी, बुटकी गाडी तुम्ही पाहिली असेल. तिचं पुढचं चाक सांगाड्याला जोडणारा नळ्यांचा जो तिकोनी भाग असतो, त्याला आमच्या शेडमध्ये हात म्हणतात. खड्ड्यात चाक वर उचललं जातं, उडी संपली की ते जमिनीवर आदळतं, आणि हे सगळं आम्ही झेलायचं असतं. गाडीला पुढे असे चार हात. मी डावीकडचा, खालचा. स्प्रिंगवाला शॉकअप माझ्याच पाठीवर पाय रोवून उभा असतो. मी जात्याच भित्रा आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो. भित्र्याने शर्यतीत पडणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

मला घडवलं एका आईने. घरामागची पत्र्याची शेड हीच तिची कार्यशाळा. तिथे ती लोकांची फाटकं आणि शिड्या वेल्ड करायची, पण जीव सगळा मुलीच्या गाडीत. मुलगी काडीसारखी, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. कंपनीने गाडीला दिलेले हात जाडजूड होते आणि स्प्रिंगा ताठ. पिटुकली वर बसली तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. दर खड्ड्याला गाडी उडायची आणि गाडीवर पोरगी उडायची.

"एवढ्याशा जिवाला हत्तीचे पाय कशाला? मी हिच्या मापाचे करते," आई म्हणाली.

माझी पहिली आठवण करवतीची आहे. मग कानशीने माझ्या नळ्यांची टोकं अशी कोरली, की एक नळी दुसरीवर फट न राहता बसावी. मग मला साच्यात आवळलं आणि आधी नुसते टाके मारले. पांढरी ठिणगी जवळ आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. पण आईचा हात स्थिर होता. नळी पातळ, पण चिवट पोलादाची. प्रत्येक पट्टी, प्रत्येक बोल्ट ती वजनकाट्यावर ठेवायची, चुकचुकायची, आणि पुन्हा थोडं घासायची. अखेर मला एका बोटावर झुलवत मामा म्हणाला, "ताई, हा हात आहे की पापड?"

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गाडी मैदानावर नेणं, इंजिन जुळवणं आणि बढाया मारणं ही तीन खाती त्याच्याकडे.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. खडबडीत वळणावर इतरांच्या गाड्या नाचायच्या आणि आमची जमिनीला चिकटून जायची. पिटुकली पुढे निघायची. दुसऱ्या मुलांचे बाप आमच्यापुढे उकिडवे बसून वाकून वाकून बघायचे. मामा त्यांना नळीची जाडी सोडून बाकी सगळं सांगायचा. मीही फुशारलो होतो. खोटं कशाला बोलू?

मग पिटुकली वाढू लागली. मित्रांनो, हे सगळ्यात आधी मला कळलं. आईला नाही, शाळेला नाही, मला. शॉकअपचा पाय माझ्या पाठीत रुतायला लागला. उडीनंतर स्प्रिंग पार मिटून जायची आणि उरलेला दणका थेट माझ्या अंगात उतरायचा. पुढची चाकं वरून आत झुकलेली दिसू लागली. मामाने ते पाहिलं आणि म्हणाला, "स्प्रिंग दमली." त्याने ती आवळली. गाडी पुन्हा ताठ दिसली, चाकं सरळ दिसली, आणि माझ्या पाठीवरचं ओझं तेवढंच राहिलं.

पिटुकलीला मात्र सगळं ठाऊक होतं. आई एकदा म्हणाली होती, की तू मोठी झालीस की ही गाडी तुझ्या धाकट्या भावाची, तुझं मग पुढे बघू. ते 'पुढे बघू' तिच्या मनात काट्यासारखं रुतलं होतं. तेव्हापासून आईसमोर ती गुडघे जरा वाकवूनच उभी राहायची. बूट लहान झाले होते. काढल्यावर बोटं लालभडक असायची, पण तिने ब्र काढला नाही.

"पिटू, वाढलीस की काय गं?" आईने एकदा सहज विचारलं.

"छे गं. हेल्मेटमुळे वाटतं तसं," ती म्हणाली आणि खाली बघून चेन पुसत बसली. चोराच्या मनात चांदणं.

आणि एका सरावात, उंच उडीनंतर, माझ्या अंगात काहीतरी टचकन झालं. जोडाच्या शेजारी, खालच्या बाजूने, केसाएवढी चीर. वर चिखलाचा थर. पूर्वी आई स्वतः आम्हाला चिंधीने पुसायची. हल्ली तिच्यामागे कामाचा धबडगा होता आणि मामा पाण्याचा फवारा मारून मोकळा व्हायचा. माझी चीर त्याला दिसणार कशी?

त्या दिवसापासून मी जी भीती पाहिली, ती शत्रूच्याही वाट्याला न येवो. मी तुटलो तर काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. डावं चाक आत दुमडणार, गाडी नाकावर आपटून उलटणार, आणि पिटुकली खाली सापडणार. इंजिन सुरू झालं की माझ्या काळजात धस्स व्हायचं. ती वेगात उडीकडे निघाली की मला ओरडावंसं वाटायचं, थांब गं बाई, थांब. पण ओरडणार कसा? हवेत असताना क्षणभर बरं वाटायचं, कारण हवेत ओझं नसतं. मग जमीन यायची. चीर जरा पुढे सरकायची. माणसं अशा वेळी हात टेकतात. मी ते कुठे टेकायचे?

मोठ्या शर्यतीची सकाळ उजाडली. मैदानाच्या कडेला आई बऱ्याच दिवसांनी चिंधी घेऊन माझ्यापाशी बसली. वरून पुसलं, बाजूने पुसलं. मग चिंधी खालून फिरवली आणि तिचा एक धागा अडकला.

आईचा हात थांबला. तिने धागा हलकेच सोडवला आणि बोटाचं नख त्या जागेवरून फिरवलं.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"चीर आहे."

"मग मार की एक वेल्ड. दुपारपर्यंत वेळ आहे."

आई ऐकतच नव्हती. "जोड धडधाकट आहे," ती स्वतःशीच बोलली. "नळी दमली आहे. एवढी कशाने दमेल?" आणि मग तिने मान वर करून पिटुकलीकडे पाहिलं. पिटुकली गुडघे वाकवून उभी होती.

आई उठली. तिच्या काखेत हात घालून तिला उचलायला गेली. पिटुकलीच्या टाचा सुटल्या, पण बोटं जमिनीवरच राहिली. आईने पुन्हा जोर लावला. जमलं नाही.

"कधी झालीस गं एवढी?"

"सांगितलं असतं तर गाडी धाकट्याला दिली असतीस." पिटुकलीला रडू फुटलं. "मला वाटायचं, पुढून काहीतरी कुरकुरतंय. रोज भीती वाटायची. तरी नाही सांगितलं."

आई मटकन टायरवर बसली. "बोल्ट न् बोल्ट तोलला मी," ती म्हणाली, "आणि पोरीला तोलायचं राहिलं." तिने लेकीला जवळ ओढलं आणि तशीच बसून राहिली. आम्ही शर्यत न धावता परत आलो.

आता मी शेडमध्ये शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेला आहे. बाकावर नव्या नळ्या पडल्या आहेत, जराशा जाड. पिटुकली भिंतीला पाठ लावून ताठ उभी आहे आणि आई तिचं माप घेते आहे. मामाने मघाशी माझी रदबदली करून पाहिली. "ताई, चीर भरून ठेव. धाकट्याला चालेल, तो अजून हलका आहे."

"नाही," आई म्हणाली. "आणि अख्खा भंगारातही टाकायचा नाही. कुणीतरी उचलून आपल्या पोराच्या गाडीला लावेल. तुकडेच करते."

मित्रांनो, तिने चष्मा चढवला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तुमच्या वस्तू पुसताना नुसता वरचा चिखल धुऊ नका, खालूनही हात फिरवा. आणि तुम्हाला काही खुपत असेल, कशाची भीती वाटत असेल, तर घरी सांगा. आवडती गोष्ट हातची जाईल म्हणून गप्प बसू नका. मला तोंड नव्हतं म्हणून मी सोसलं. तुम्हाला आहे.

ग्राइंडर सुरू झाला. मी भितोय, लपवत नाही. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला फक्त माझ्यापुरतीच भीती वाटते आहे.