कुणाचा आवाज

शिवराजच्या गोळ्या बंद केल्या तेव्हा तारामतीला पक्कं वाटत होतं, की हे देवानंच सांगितलंय.

उमरग्यात हायवेला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा बब्रुवान रस्त्याच्या कडेला ट्रकचे टायर दुरुस्त करायचा. शिवराज एकुलता एक. तो लातूरला डिप्लोमा करत होता. एक दिवस तिथून अचानक परत आला तो दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. पंख्यातून माणसं बोलतात म्हणाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, बरं वाटलं तरी आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांनी आवाज दबले, पण पोरगाही दबला. दुपार-दुपार झोपून राहायचा. जेवताना हात थरथरायचा, वरण शर्टावर सांडायचं आणि मग तो आईकडे असा बघायचा, की तारामतीला घास गिळवायचा नाही.

बाप्तिस्मा होऊन तिला काही वर्षं झाली होती, पण रोज प्रार्थनेला बसणं आधी कधी जमलं नव्हतं. या दुखण्यानं तिला ती सवय लावली. फटफटायच्या आधी उठायची, ओट्यापाशी गुडघे टेकायची आणि मागायची. पोराला बरं कर. पोराला बरं कर. माझं काय चुकलं असेल तर माझ्यावर घे, पण त्याला सोड. मागून मागून घसा कोरडा पडायचा. उठताना हाताला काही लागलंय असं वाटायचं नाही, पण बसली नाही तर दिवस ढकलवत नव्हता.

त्यातच ती जायची त्या चर्चच्या मंडळीत बाहेरगावचा एक प्रचारक आला. त्यानं शिवराजच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि माइकवरूनच म्हणाला, "हा मुलगा आज मोकळा झाला! आता गोळी खाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास!"

घरी येताना बब्रुवान म्हणाला, "ते प्रचारक उद्या जातंय त्याच्या गावाला. गोळ्या बंद करायच्या न्हाईत."

"म्या देवाला इचारते," तारामती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं विचारलं. विचारून पुरतं व्हायच्या आतच तिच्या मनात आलं, बंद कर. तिला इतकं हलकं वाटलं, की हेच उत्तर म्हणून ती तशीच उठली आणि नवऱ्याला न सांगता गोळ्या ट्रंकेत टाकल्या.

पहिले काही दिवस खरंच चांगले गेले. शिवराजची सुस्ती उडाली, हात स्थिर झाला, बापाच्या दुकानात जाऊन तो टायर उचलू लागला. रविवारी तारामतीनं मंडळीपुढं उभं राहून साक्ष दिली, की देव मला बोलला आणि पोरगं बरं झालं. टाळ्या पडल्या. मंडळीतल्या उमाबाईंनी तिला मिठी मारली आणि माझ्या घरासाठीबी प्रार्थना कर म्हणाल्या. त्या दिवशी बब्रुवानला गोळ्यांचं कळलं. तो रागावला, पण पोराकडं बघून गप्प बसला.

मग एका पहाटे ती डोळे मिटून बसलेली असताना शिवराज शेजारी येऊन बसला.

"माय, तुला बोलतो का त्यो?"

"कोण?"

"देव. तू मंडळीत सांगितलंस की, देव मला बोलला म्हणून."

"व्हय," ती म्हणाली.

"मलाबी बोलतो. रोज बोलतो." त्याचे डोळे तारवटले होते. तो झोपला नव्हता हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. "पण तुला बोलला की लोक टाळ्या वाजिवतात. मला बोलला की गोळी देतात. असं का, माय?"

उजाडल्यावर तिनं प्रचारकाला फोन लावला. "उपास-प्रार्थना वाढवा, सैतान जाताना झटापट करतोच," तो म्हणाला. पुन्हा लावला तेव्हा फोन उचललाच नाही. तिनं गोळी काढून शिवराजपुढं धरली. त्यानं तिच्या हातावर फटका मारला. "देवानं नगं म्हणून सांगितलंय!"

त्याच दुपारी हायवेवरचा चहावाला वीरप्पा शिवराजला दंडाला धरून घरी घेऊन आला. वीरप्पाचं कोपर सोलून निघालं होतं.

"अक्का, पोरगं रस्त्याच्या मधी हुबं होतं," तो धापा टाकत म्हणाला. "समोरनं हैदराबादचा ट्रक. म्या वढलं म्हणून. न्हायतर..."

शिवराज शांत होता. "त्यानं हुबा राहा म्हणून सांगितलं हुतं," एवढंच म्हणाला.

बब्रुवान आला, त्यानं सगळं ऐकलं आणि उंबऱ्यावर बसून तोंडावर गमजा धरला. तारामती पाणी घेऊन गेली तसा तो म्हणाला, "तू मला इचारायचं हुतंस. देवाला इचारलंस, मला न्हाय इचारलंस."

तो पोरापाशी बसला आणि ती द्वारकाबाईंच्या घरी गेली. द्वारकाबाईंनीच तिला पहिल्यांदा मंडळीत नेलं होतं. म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. तारामती तिथंच मातीत बसली आणि हुंदके देऊ लागली.

"मावशी, म्या ऐकलं ते कुणाचं हुतं? देवाचं हुतं का माझंच? का माझंबी डोकं पोरावानीच झालंय? आता म्या प्रार्थनेला बसणारच न्हाय. मला भ्या वाटतंय."

द्वारकाबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला कानानं कधी काय ऐकू आलं न्हाय बाई. एवढी वर्सं बसते. कधी आठ-आठ दिस नुसतीच बसते, काय न्हाय."

"मग कशाला बसता?"

"त्याच्यापाशी बसायला." त्यांनी सुपातली टरफलं बाजूला सारली. "तू बसतीस आन मागतीस. मागून झालं की उठतीस. त्यानं कवा बोलावं? आन एक सांगते. मला जवा जवा त्याच्याकडनं काय कळलं, तवा ते मला नको असलेलंच कळलं. गोड लागलं की म्या आधी संशय घेते. त्यो घाई करीत न्हाय. भ्या घालीत न्हाय. पण टाळलेलं काम पुढ्यात आणून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तारामती पुन्हा ओट्यापाशी बसली, ती केवळ दुसरीकडं कुठं जाता येत नव्हतं म्हणून. बब्रुवान दाराला पाठ लावून जागा होता, शिवराज आत पुटपुटत फेऱ्या मारत होता. तिनं काही मागितलं नाही. ओठांवर आलेलं 'बरं कर' तिनं परत गिळलं. बाहेर ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकसरशी तिचं काळीज उडायचं. प्रभू, मी बसलेय, एवढंच ती मनात म्हणाली आणि बसून राहिली. काहीच झालं नाही. आवाज नाही, उजेड नाही. गुडघे दुखायला लागले. इतकी एकटी ती कधीच पडली नव्हती.

मग तिला कळलं, की एक गोष्ट केव्हाची तिच्यापुढं उभी आहे आणि ती तिच्याकडं बघत नाहीये. आपण पोराशी खोटं बोललो. त्यानं विचारलं, तुला बोलतो का, आणि आपण व्हय म्हणालो.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

"शिवराज, बस जरा. म्या तुला खोटं सांगितलं. मला आवाज येत न्हाय. कधीच आला न्हाय. मला जे पायजे हुतं ते माझ्या मनात आलं, आन म्या त्याला देवाचं नाव दिलं."

तो थांबला. "मग तू रोज कुणासंगं बोलतीस?"

"त्याच्याच संगं. ऐकू येत न्हाय तरीबी."

"मला तर येतं."

"ठाऊक हाय बाळा. तुला येणारा आवाज खराच येतो, तू खोटं बोलत न्हाईस. पण त्यो तुला मर म्हणतो. प्रभू सोता मेला. दुसऱ्या कुणाला मर म्हणाला न्हाय."

शिवराजचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. "मग ह्यो कोण हाय माझ्या डोक्यात?"

"दुखणं हाय."

"गप बसंल का त्यो?"

"म्या शब्द देत न्हाय. मागं गोळीनं दबला हुता. डॉक्टरला पुन्यांदा इचारू."

त्यानं होय म्हटलं नाही, पण बब्रुवाननं जीप आणली तेव्हा तो चढला. नळदुर्गपाशी त्यानं दार उघडायला बघितलं. बापानं त्याला कवेत धरलं ते सोलापूर येईपर्यंत सोडलं नाही. डॉक्टरांनी त्याला भरती करून घेतलं आणि ते तारामतीला बरंच बोलले. तिनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

रविवारी ती एकटी उमरग्याला आली आणि उपासनेत उभी राहिली. "म्या दिलेली साक्ष खरी नव्हती. पोरगं दवाखान्यात हाय. कुणी औषध बंद करू नका." मंडळीचे पाळक खाली बघत राहिले. उमाबाईंनी तोंड फिरवलं. बाहेर पडताना कुणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "विश्वास कमी पडला." द्वारकाबाई मात्र बस स्टँडपर्यंत तिच्याबरोबर चालत आल्या.

वॉर्डात शिवराजचा चेहरा गोळ्यांनी सुजला होता. जीभ जड झाली होती. हात पुन्हा थरथरत होता. कधी तो आईला ओळख द्यायचा, कधी भिंतीकडं तोंड करून पडायचा. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. ती रोज पहाटे कॉटच्या पायथ्याशी गप्प बसायची. काही दिवस राग यायचा, काही दिवस नुसती झोप. तरी बसायची.

एका सकाळी त्यानं डोळे उघडले. "माय, अजून हाय त्यो."

"काय म्हणतो?"

"तेच." तो तिच्याकडं वळला. "तू मोठ्यानं प्रार्थना कर. तुझा आवाज आला की त्याचा कमी येतो."

शेजारच्या कॉटवरचा माणूस बघत होता. तिनं शिवराजचा हात धरला आणि जे दिसत होतं तेच बोलू लागली. प्रभू, आज उजाडलंय. शिवराज जागा हाय. ह्याचा बाप चहा आणायला खाली गेलाय. आमाला पुढचं काय दिसत न्हाय. तू इथंच थांब.

"थांबू नगंस," शिवराज डोळे मिटून म्हणाला.

ती बोलत राहिली.