मी दाराबाहेर खडखडणारच

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. लोखंडी पाती, लोखंडी जाळी आणि बूड असे जड की मला हलवायचे तर दोन्ही हात लावावे लागतात. मी चालू झालो की खडखडतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला भेटणारा प्रत्येक जण तेच बोलून दाखवतो. आणि हेही सांगून टाकतो की खडखडण्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. ज्यांना आत्मवृत्तात उसासे ऐकायचे असतील त्यांनी एखाद्या फाटक्या छत्रीकडे जावे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पाती कापणारे वेगळे, तार गुंडाळणारे वेगळे, रंग देणारे वेगळे. सर्वांत शेवटी एक तपासनीस बाई बसत. त्यांनी मला चालू केले, मान वाकडी करून ऐकले आणि म्हणाल्या, "हा जरा बोलका आहे. जाऊ दे पुढे." त्या काळी पंख्याचा आवाज येतो म्हणजे पंखा चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. आता शांत वस्तूंचे दिवस आले आहेत. फ्रिज शांत, गाडी शांत, आणि माणसांनीही शांतच असावे अशी सगळ्यांची इच्छा असते.

मला एका चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी विकत घेतले. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचे चाक होते. तिथे उकाड्याने जीव नकोसा व्हायचा आणि काचेची भुकटी हवेत तरंगत राहायची. मी तिला खिडकीबाहेर हाकलायचो. मालक पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "एवढ्या वर्षांत एकदा दुरुस्तीला नेला नाही." मी आणखी जोरात फिरायचो. कौतुक कुणाला आवडत नाही?

पुढे दुकानात एसी आला, गुळगुळीत काचेची दारे आली. एका ग्राहकाने विचारले, "आत पंखा लावलाय की पिठाची गिरणी?" झाले! त्याच संध्याकाळी माझी रवानगी कपाटावर झाली, चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे. माझ्यावर बोटभर धूळ बसली. मी रडलो का? मुळीच नाही. मला राग आला. इतकी वर्षे राबलो तेव्हा हाच आवाज यांना गोड लागत होता!

त्या खोलीत एक ताई काम करायची. चष्म्याच्या फ्रेममध्ये काचा बसवण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. तिचा संसार मोडला होता. शाळेत जाणाऱ्या मुलीला घेऊन ती बाबांच्या घरी राहायला आली होती. दुकानात कुणी विचारले की ती हसून सांगायची, "मी मजेत आहे." पण एके दिवशी काच बसवता बसवता तिचे हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली आणि श्वास पुरेना. काच खाली पडून फुटली. डॉक्टरांनी तपासले तर हृदय ठणठणीत निघाले. ते म्हणाले, ही मनातली धास्ती आहे, एखाद्या समुपदेशकाकडे जा.

समुपदेशक म्हणजे कोण, हे मलाही तेव्हा माहीत नव्हते. मनात साचलेले ज्याच्यापुढे मोकळे करता येते आणि त्यातून वाट काढायला जो शिकून-सवरून मदत करतो, तो माणूस. पण मित्रांनो, असा माणूस दुकानात टांगलेल्या सदऱ्यासारखा पहिल्याच फेरीत अंगाला बसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ताई मागच्या खोलीत डबा खायची आणि फोन स्पीकरवर ठेवून धाकट्या बहिणीशी बोलायची. मी कपाटावरून ऐकायचो. माझ्यासमोर बोलल्यावर मी काय कान बंद करणार?

"कसा होता गं तो समुपदेशक?" बहिणीने विचारले.

"बोलायला मी गेले होते आणि बोलत तोच होता. थोडं सोसावं लागतं म्हणे. सोसत नव्हते तर इतकी वर्षं काय करत होते मी?"

"आणि ती दुसरी?"

"तिचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. माझ्या मुलीचं नाव तिने तीनदा चुकवलं. आता मी कुठे जाणार नाही. माझ्यातच काहीतरी खोट असेल."

बहीण एकदम तापली. "चपला घ्यायच्या तर सगळा बाजार पालथा घालतेस तू! दुकानदाराला रडकुंडीला आणतेस. आणि इथे दोन ठिकाणी नाही जमलं तर खोट तुझ्यात? ऊठ, तिसरीकडे जा."

मला ही बहीण फार आवडली. आमच्या जातीची वाटली, खडखडणारी.

ताई तिसरीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिचा डबा तसाच उघडा पडला होता. "फोनवर बाई चांगल्या वाटल्या गं," ती हळू आवाजात सांगत होती. "पण मी बाहेर बाकावर बसले होते ना, तर आतल्या माणसाचं सगळं ऐकू आलं. भावाबद्दल बोलत होता बिचारा, रडत होता. भिंत कसली, नुसता प्लायवूड आहे. त्याचं मला ऐकू येतं म्हणजे माझंही बाहेर जाणार. मी सरळ जिना उतरून पळाले."

"मग त्या बाईंना सांग ना तसं."

"भिंत बदला म्हणून सांगू?"

एवढे बोलून तिने कपाळाला हात लावला आणि वर पाहिले. वर मी होतो. खोक्यांच्या मागून माझे अर्धे तोंड दिसत असेल. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग स्टुलावर चढून तिने मला दोन्ही हातांनी खाली उतरवले.

मालक म्हणाले, "ते भंगार कुठे नेतेस? चांगला नवा घे की. आवाज नसलेला."

"मला आवाजवालाच हवाय," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका ठाम मी पहिल्यांदाच ऐकला.

समुपदेशक बाईंच्या जिन्याने तिने मला छातीशी धरून वर नेले. प्रत्येक वळणावर टेकवत, धापा टाकत. बाईंनी दार उघडले तर ताई म्हणाली, "हा तुमच्या दाराबाहेर लावा. हा चालू असला तरच मी आत बसून बोलेन."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर ठेवले, चालू केले, ताईला बाहेर उभे केले आणि आत जाऊन दार लावून वर्तमानपत्र मोठमोठ्याने वाचले. मग दार उघडून विचारले, "काय वाचलं मी?"

"एक अक्षर कळलं नाही!" ताई म्हणाली, आणि तिला हसू फुटले. खरे हसू.

अशी मला दुसरी नोकरी लागली. बाईंचा नियम एकच: दार लागले की पंखा चालू. थंडीच्या दिवसांत बाकावरची माणसे कुडकुडत कुरकुर करू लागली, तेव्हा बाईंनी माझे तोंड भिंतीकडे फिरवले. वारा भिंतीला, आवाज सगळ्यांना. वर्गात ही शिक्षा असते, मला त्याचा पगार मिळू लागला. कुणी मला खडखड्या म्हणाले, कुणी कानात कापूस घातला. घाला खुशाल! दारापासून हातभर अंतरावर मी असतो, आत बोललेले मला ऐकू येते. त्यातले काही मी तुम्हाला सांगेन असे वाटत असेल तर पुढचे पान उलटा. ते माझ्या पात्यांच्या पलीकडे जात नाही.

ताई नेमाने येऊ लागली. तिचे हात थरथरणे कमी झाले. पण घरी तिच्या बाबांना हे पसंत नव्हते; हे पुढे बाबांनीच बाकावर बसून सांगितले, म्हणून मी सांगतो. बाबा घड्याळजी होते. दुकान बंद करून घरी बसले तरी खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची इवलीशी बाटली असायचीच. "घरातलं दुखणं परक्या बाईला कशाला सांगायचं? मी मेलोय का?" असे ते म्हणायचे. रोज ताईला विचारायचे, "बरी आहेस ना?" आणि ती रोज "हो बाबा" म्हणायची. ती आपल्याशी एक शब्द का बोलत नाही, या विचाराने म्हातारा झुरत होता.

एके दिवशी ताईला जिन्यातच घेरी आल्यासारखे झाले, म्हणून पुढच्या वेळी बाबा तिच्यासोबत आले. ती आत गेली. दार लागले, मी सुरू झालो. बाकावर बाबा एकटेच होते. थोड्या वेळाने त्यांनी मान तिरकी केली. घड्याळजीचा कान तो! त्याला चुकीचा आवाज म्हणजे डोळ्यात गेलेले कुसळ. ते उठले, माझ्याभोवती फिरले, जाळीला बोट लावून पाहिले. "अरे, सैल आहे की," असे पुटपुटले आणि माझे बटण बंद केले.

मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण बंद पंखा कसा ओरडणार? आतले शब्द प्लायवूडमधून येऊ लागले होते. बाबांचे तिकडे लक्षच नव्हते. हातात स्क्रूड्रायव्हर आला की त्यांना जगाचे भान राहत नसे. त्यांनी माझे स्क्रू आवळले, मानेत तेल सोडले, पाते सरळ केले आणि मोठ्या अभिमानाने बटण दाबले. मी फिरू लागलो. अगदी गुपचूप! जन्मात पहिल्यांदा माझा आवाज येत नव्हता आणि मला माझीच लाज वाटत होती. मी सगळे बळ लावून थरथरायला पाहिले. छे! म्हाताऱ्याने काम चोख केले होते.

त्या शांततेत आतून ताईचा आवाज आला, स्वच्छ, शेजारी बसून बोलावे तसा.

बाबांचा हात बटणावरच राहिला. वर्षभर ज्याच्यासाठी ते तळमळत होते ते सगळे आता न विचारता त्यांच्या कानात पडणार होते. फक्त बाकावर जाऊन बसायचे होते. कुणाला कळले असते? आत एक वाक्य संपले आणि ताईने दुसऱ्यासाठी श्वास घेतला. ती एवढे जिने चढून, एवढी माणसे शोधून जे बोलायला आली होती ते सगळे त्या क्षणी वाऱ्यावर पडले होते. मी मनात म्हटले, म्हाताऱ्या, ऐकशील तर याद राख!

बाबांनी मी चालू असतानाच स्क्रूड्रायव्हर माझ्या जाळीला लावला. घाईघाईने एक स्क्रू सैल केला, दुसरा केला, तिसरा तर काढूनच खिशात टाकला. आणि मी खडखडलो! असा खडखडलो की स्टूल नाचू लागले. आतला आवाज बुडाला. बाबा बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे पुसले. चालू यंत्रात हत्यार घालू नये हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते, तुम्ही मात्र तसे कधी करू नका.

ताई बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज हा जास्तच खडखडतोय."

बाबांना गप्प राहता आले असते. ते राहिले नाहीत. "मी दुरुस्त केला होता गं," ते म्हणाले. "मला वाटलं, बिघडलाय. मग तुझं एक वाक्य कानावर आलं. एकच. लगेच पुन्हा सैल केला."

ताईने झटकन विचारले, "कुठलं वाक्य?"

"घरी माझ्यासमोर दिवसभर हसून हसून तुझे गाल दुखतात, ते."

बाबा जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी रोज बरी आहेस का विचारतो ना, ते आता विचारणार नाही. आणि तू घरी हसली नाहीस तरी चालेल. मी आपला चहा टाकेन."

ताई बाकावर त्यांच्याशेजारी बसली आणि रडली. मोठ्याने, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खरेच काही विचारले नाही. बाईंनी आतून दार थोडे उघडले, पाहिले, आणि माझे बटण बंद न करता दार पुन्हा लावून घेतले.

आता बाबा दर वेळी तिच्यासोबत येतात. परवा बाकावरचा एक चिडका गृहस्थ त्यांना म्हणाला, "काय हा आवाज! कुणीतरी दुरुस्त का करत नाही याला?"

बाबा म्हणाले, "मी घड्याळजी आहे साहेब. उघडून बघितलाय. यात काही बिघाड नाही."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझे याहून मोठे कौतुक कुणी केलेले नाही. आता माझे एवढेच ऐका. आवाज करणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल घालायला धावू नका आणि रडणाऱ्या माणसाला चटकन गप्प करू नका. तुमचे मन धास्तावले तर आईबाबांना, शिक्षकांना, कुणाला तरी सांगा. बोलायला हक्काचा माणूस शोधा. पहिला नाही जमला तर दुसरा, तिसरा शोधा, खोट तुमच्यात नसते. आणि तुमच्या घरातले कुणी अशा बंद दाराआड बोलायला जात असेल, तर त्याला सोबत करा, बाकावर बसा, थंडी वाजली तर शाल पांघरा. पण दाराला कान लावू नका. लावलात, तर गाठ माझ्याशी आहे.