वेमथचा जिताडा

आमच्या ह्यांनी जावयाशी अबोला धरला तो चार वर्षं टिकला, आणि त्यातले शेवटचे अठरा दिवस तर एकाच घरात. तुम्ही म्हणाल, एका घरात राहून अबोला कसा धरतात? मला विचारा. मिठाची बरणी जावयासमोर असायची आणि हे मला म्हणायचे, "वैजयंती, मीठ." मग मी उठून, टेबलाला वळसा घालून बरणी आणायची. ऍरन बिचारा ती हातात धरूनच बसलेला असायचा.

ऋजुता आमची एकुलती एक. इंग्लंडात मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. तिथेच तिने ऍरनशी रजिस्टर लग्न केलं आणि आम्हाला तीन आठवड्यांनी फोनवर सांगितलं. ऍरन ज्यू, पण आपल्याकडचाच. त्याची आजी रेवदंड्याची. लंडनमध्ये तिच्या हाताखाली वाढला, म्हणून मराठी बोलतो. बोलतो म्हणजे शब्द सगळे मराठी, पण 'तो' की 'ती' हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. आणि सासरा कोण मिळाला? पेणच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला मास्तर.

धर्म आडवा आला, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ऋजुताने, माझ्या जावांनी, मीसुद्धा. ह्यांनी त्यावर कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. लग्नाचा फोटो आला तेव्हा चष्मा लावून नीट पाहिला आणि पाकिटात परत घातला, बस.

२००६ च्या जुलैत मीच हट्टाला पेटले. म्हटलं, तुम्ही येत नसलात तर मी एकटी जाते, बसा इथे खिचडी शिजवत. तेव्हा आले. पण अठरा दिवस गेले तरी तोंड उघडेना. गुरुवारी आमचं परतीचं विमान होतं. ह्यांचं वय एकाहत्तर, परत कोण येतंय? तोवर बोलले नाहीत तर जन्मात बोलणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोरगी ऑफिसातून आली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची, आज काही बोलले का म्हणून. मी मान हलवायची. फार वाईट वाटायचं मला.

बोटीची कल्पना ऍरनची. मास्तर खाडीकाठचे, माशांचे भोक्ते, म्हणून त्याने वेमथ बंदरातली एक बोट रविवारी दिवसभरासाठी भाड्याने घेतली. गळ-काठ्या बोटवाल्याच्याच, आपण फक्त जाऊन बसायचं. आदल्या दिवशीच गाडीने तिथे जाऊन राहिलो आणि सकाळी आठला बोटीत चढलो. आम्ही चौघं आणि बोटवाला केन. केन साठीचा, लालबुंद, कमी बोलणारा. म्हटलं, चला, ह्यांना जोडीदार मिळाला.

"वैजयंती, विचार त्याला, रावस मिळेल का," हे म्हणाले. मुंबईच्या हॉटेलात रावसाला सॅमन म्हणतात, म्हणून मी सॅमन विचारला. केनने हसून सांगितलं की सॅमन हवा तर नदीवर जा, वर स्कॉटलंडला. इथे उन्हाळ्यात बास मिळतो. आणि त्याने केबिनमधला एक फोटो दाखवला. हे फोटोजवळ गेले. चांदीसारखा अंगभर खवल्यांचा मासा, पाठीवर काटेरी पर.

"जिताडाच की हा," हे मला म्हणाले. "जिताड्याचा चुलतभाऊ तरी असणारच."

आधी बांगडे धरायचे होते, आमिषासाठी. चांगले ताजे फडफडीत बांगडे, आणि ते दुसऱ्या माशाला घालायचे. मला बघवेना. मी सहा बाजूला काढून पिशवीत टाकले.

मग बोट वाहत्या पाण्यावर सोडून दिली आणि गळ खाली गेले. ऋजुता आणि मी मागच्या बाकावर. सासरा-जावई एकाच कठड्याला, मध्ये दोन हातांचं अंतर. बराच वेळ काही नाही. मग ऍरनची काठी वाकली.

"माझी गळ अडकली," तो स्वतःशीच पुटपुटला.

"अडकला," हे म्हणाले. "माझा गळ अडकला. गळ पुल्लिंगी."

ऋजुताने माझा हात घट्ट धरला. चार वर्षांतला पहिला शब्द, आणि तो 'अडकला'. मला हसू की रडू तेच कळेना. मास्तरांना मीठ मागता येत नव्हतं, पण चुकलेलं वाक्य कानावर पडून गप्प बसणंही जमत नव्हतं.

"माझा गळ अडकला," ऍरन म्हणाला. थोड्या वेळाने, "मोठा लाट आला."

"मोठी लाट आली."

ह्याला बोलणं म्हणायचं नाही, ही वही तपासणं झाली. ह्यांची नजर समुद्रावरच होती. केनला वाटलं दोघं भांडतायत, म्हणून मी माझ्या इंग्लिशमध्ये त्याला सांगितलं, ग्रामर चालू आहे.

अकराच्या सुमारास ह्यांच्या गळाला मासा लागला. मी एवढं खूश ह्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मासा वर आला, केनने फळीवरच्या पट्टीला लावला. छत्तीस सेंटिमीटरच्या आतला बास ठेवायचा नाही असा तिथला कायदा. हा पस्तीस भरला. मी केनला गळ घातली, म्हातारा माणूस आहे, एका सेंटिमीटरने काय होतंय. पण ह्यांनीच मला गप्प केलं. "नापास म्हणजे नापास," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला.

मग तासाभराने ऍरनला लागला. हा चांगला हातभर. जाळ्यात घेताना केननेसुद्धा शीळ घातली. ऍरनने तो दोन्ही हातांवर धरला आणि आमच्याकडे वळला.

हे माशाकडे बघत होते. मग म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "आमच्या पेणला मोठ्या माणसाकडे काही मागायला जायचं तर असा जिताडा घेऊन जातात. हात हलवत नाही जात."

ऋजुताचा बांध फुटला. "बाबा, तो ज्यू आहे म्हणून तुम्ही बोलत नाही ना? एकदा सांगून टाका. मला आता सहन होत नाही."

"ज्यू?" हे खरंच गोंधळले. "त्याचं काय? रेवदंड्याला माझे दोन वर्गबंधू होते, एकाच डब्यात जेवलो आम्ही." मग तिच्याकडे वळले. "शाळेची सहल रायगडला जायची तरी तू माझी सही घेऊन जायचीस. लग्न केलंस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. दोघांतल्या एकानेही नाही. मी काय नाही म्हणणार होतो?"

माझ्या डोक्यात तर असा राग गेला. चार वर्षं हे एवढं एक वाक्य पोटात धरून बसला हा माणूस, आणि मी टेबलाभोवती मिठासाठी फेऱ्या घालत होते. ऋजुता रडत म्हणाली, "मला भीती वाटली होती, बाबा. चुकलं माझं."

ऍरन दोन पावलं पुढे आला. मासा हातांवर तसाच, शर्टावर पाणी गळतंय. वाक्य मनात जुळवत असावा, ओठ हलत होते.

"सर," तो म्हणाला, "तुमचा मुलगी मला द्याल का?"

"तुमची," हे म्हणाले. "परत म्हण."

"तुमची मुलगी मला द्याल का?"

वाक्य आता बरोबर होतं. काना-मात्रेचीही चूक नव्हती. हे मात्र कठडा धरून उभे, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नाही.

"अजून एकदा म्हण," हे म्हणाले.