प्यो मावशीचे कुरळे केस

कोरियातल्या आमच्या यार्डात जहाजं बांधतात. सकाळी भोंग्याच्या तालावर सगळे कवायत करतात, दुपारी डुकराच्या मांसाचं सूप पितात, आणि पगारवाढ हवी असली की युनियनचे पुढारी गेटसमोर टक्कल करून घेतात. मी सैन्यात न्हावी होतो. देशाच्या रक्षणासाठी सरकारनं माझ्या हाती मशीन दिलं, ते केस कापायचं. त्यामुळे वेल्डिंग यथातथा असूनही युनियनमध्ये मला मान आहे.

त्या सकाळी खुर्ची मांडली होती, चादर तयार होती. अध्यक्ष मा सांग-चल भाषण आटोपून बसणार, एवढ्यात कॅन्टीनच्या प्यो मावशी एप्रनसकट आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"चालव रे मशीन, जुन्मो."

"मावशी, हा पगारवाढीचा कार्यक्रम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"असू दे. मी इल्होमसाठी बसलेय."

इल्होम उझबेकिस्तानचा. डुक्कर खात नाही. आल्यापासून दुपारी नुसता भात आणि किमची, म्हणजे आमचं कोबीचं लोणचं. जहाजाचे पत्रे वाकवायला आम्ही ते आगीनं तापवतो. तशा एका तापल्या पत्र्यावर त्यानं परवा मटणभात शिजवला. वास सातव्या मजल्यावरच्या संचालकांपर्यंत गेला. इल्होमचा फैसला त्या दिवशी दुपारी व्हायचा होता. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की विमान.

"तो कंत्राटी आहे, मावशी. आपला सभासद नाही."

"माझ्या हंड्यात सभासद आणि कंत्राटी वेगवेगळे शिजतात का रे, सांग-चल?"

खरं तर इल्होमवर सगळ्यात जास्त चिडायचा हक्क मावशींचा होता. त्यांचंच सूप त्यानं नाकारलं होतं. आणि केस तर त्यांनी कालच कुरळे करून आणले होते. अजून पार्लरचा वास येत होता.

"मावशी, नक्की?"

"ए न्हाव्या, सूप गार होतंय."

मी मशीन लावलं. पहिली बट पडली. गेटवरची हजारेक माणसं टाचा उंचावून बघत होती.

तेवढ्यात इल्होम धावत आला. मागे त्याच्या गावची सगळी पोरं.

"मावशीला सोडा! भात मी शिजवला. शिक्षा मला द्या!"

"अरे बाबा, ही शिक्षा नाही, निषेध आहे," मी म्हणालो. पण तोवर तो चादरीचं टोक ओढून खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता, आणि मागच्या पोरांनी हेल्मेटं काढून रांग लावली होती. आपल्या चुकीसाठी एका बाईचं डोकं भादरलं जातंय, असंच त्यांना वाटत होतं. एकाही चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

मी खूप डोकी पाहिलीत. अशी नाही पाहिली.

आधी व्हिएतनामी रंगारी रांगेत आले. मग कॅन्टीनच्या बायका. मग आमचे जुने वेल्डर, खाली बघत. शेवटी अध्यक्ष. रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पुढे यायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

दुपारपर्यंत रांग सुक्या गोदीपाशी गेली. संचालक लिफ्टनं खाली आले.

"आज काम कोण करणार?"

"केस वाढले की करतील," मावशी म्हणाल्या.

संचालकांनी रांग पाहिली. टोक दिसेना. टाय सैल केला.

"त्याला सांगा, पत्र्यावर पुन्हा शिजवायचं नाही."

"मग कुठं शिजवायचं?"

"कॅन्टीनमध्ये शिजवा ना!"

"वेगळा हंडा लागेल."

"आणा!"

"आणि इल्होम?"

"हंडा ढवळायला कुणीतरी लागेलच की," संचालक म्हणाले आणि घाईघाईनं लिफ्टकडे गेले. रांगेत कुणीतरी त्यांनाही जागा करून देत होतं.

सगळ्यांचे कापून झाले, माझे कापायला कुणी उरलं नाही. इल्होमनं मशीन घेतलं. ते त्यानं पहिल्यांदाच हातात धरलं होतं. कानामागे एक झुबका राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागानं भोंग्यावरून सांगितलं, "हेल्मेटं सैल होत आहेत, पट्टे आवळा." मग कवायतीचं संगीत लागलं. आम्ही हेल्मेटं काढून वाकलो. समोरून समुद्रावरचं ऊन आमच्या टकलांवर आलं. उंच क्रेनवरचा म्हातारा चालक एरवी खाली पाहून शिव्या देतो. त्या दिवशी त्यानं क्रेन थांबवली, खिडकी उघडली आणि आमच्याकडे बघून टोपी काढली.