तीन लाल चौकटी

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागून सुनेने सांगायला नको. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली. निवृत्त झाले आणि घरच्यांच्या मागे लागले. महिन्याभरात सून टेकीला आली. म्हणाली, "आई, तुम्हाला एक समूह मिळवून देते. तिथे काय ती शिस्त लावा, आम्हाला सोडा."

ती ऑनलाइन शिकवणीच्या एका संकेतस्थळावर कामाला आहे. मोठ्या वयात लिहाय-वाचायला शिकणाऱ्यांचे तिथे समूह आहेत. धडे व्हिडिओवर, सराव मोबाइलवर, आणि समूह सांभाळायला माझ्यासारखी एक रिकामी बाई. एका समूहात पन्नास जण, एकावन्नावा नाही. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, ते बाईंच्या हातात.

मी पदर खोचून कामाला लागले. बाहेर चौदा जण रांगेत ताटकळत होते आणि आतले सात-आठ जण मात्र ढिम्म. चर्चेत एक अक्षर लिहीत नव्हते. रोज एक वाक्य लिहा, एवढंच तर सांगितलं होतं! माझं डोकंच फिरलं. तीन नोटिसा द्या, मग नाव काढा, असा नियम होता. मी दिल्या. लाल चौकटीत, ठसठशीत अक्षरांत: 'आपण चर्चेत भाग घेत नाही. सात दिवसांत न लिहिल्यास आपले नाव कमी करण्यात येईल.' कुणी मुलाला विचारून, कुणी नातीला विचारून, हळूहळू सगळे काहीबाही लिहायला लागले. एक बाई तेवढी हलली नाही. नावाच्या जागी तिने नुसतं 'धुलाई' लावलं होतं. तिसऱ्या नोटिशीनंतर मी तिला काढलं आणि रांगेतल्या एका बसचालकाला आत घेतलं. त्या दुपारी मला अगदी छान झोप लागली.

पाचव्या दिवशी प्रवेशाचा एक अर्ज आला. 'समूहात का यायचं आहे?' असा अर्जात प्रश्न असतो. एरवी कुणाचा तरी भाचा 'ज्ञानार्जनाची आवड' वगैरे ठोकून देतो. इथे चारच ओळी होत्या.

'मी धुलाई. मी रोज आले. मला परत घ्या. एक तारीख आली.'

मी तडक फोन लावला. मागे यंत्रांची घरघर चालू होती.

"रोज आलात म्हणता, मग लिहिलं का नाही?" माझा आवाज चढलेलाच होता.

"लिहायला जमेल तेव्हा लिहीन म्हटलं, बाई. धडे रोज केले. इथेच, यंत्रापाशी उभी राहून."

"आणि माझ्या तीन नोटिसा?"

"त्या लाल चौकटी होय!" ती हसली. "धड्यात उत्तर बरोबर आलं की हिरवी चौकट येते ना? लाल आली, म्हटलं ही त्याहून मोठी शाबासकी असणार. एक नाही, तीन तीन! इथे सगळ्याजणींना दाखवून आले मी. वाचता कुणालाच येत नाही, पण कौतुक केलं हो सगळ्यांनी. मग एकदम धडे उघडेनात, तेव्हा शेजारच्या शिंप्याला दाखवलं. त्याने वाचलं. अर्जही तोच लिहून देत होता, पण मी म्हटलं, नको. अख्खी दुपार गेली चार ओळींत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचायला शिकायला आलेल्या माणसांना मी लेखी नोटिसा धाडत होते! आणि वर रागावतही होते.

"एक तारखेला काय आहे?" मी हळूच विचारलं.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला होती. आजवर कपड्यांच्या गाठोड्यांना रंगीत फिती असायच्या. निळी मुलांच्या विभागाची, पिवळी बाळंतिणींची. एक तारखेपासून फिती बंद, लिहिलेल्या चिठ्ठ्या सुरू. ज्यांना वाचता येणार नाही त्यांनी येऊ नये, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. अकरा दिवस उरले होते.

सुनेने मला एक पान उघडून दाखवलं. कोण किती वेळ धडे करतं ते त्यावर होतं. मी तिकडे कधी फिरकलेच नव्हते. सगळ्यांत वर नाव होतं, धुलाई.

"अगं, पण जागा कुठून आणू? पन्नास भरलेत."

"मला काढा ना. तपासणीसाठी मीही आहे त्यात. पहिल्या दिवसापासून एक अक्षर लिहिलेलं नाही. मला बरी नोटीस नाही आली!"

"तू घरची," मी म्हटलं.

"वशिला म्हणतात त्याला, आई."

मी सुनेला काढलं आणि धुलाईला घेतलं. मग सगळ्यांना आवाजात निरोप पाठवला, झालेली चूक जशीच्या तशी सांगितली आणि माफी मागितली. लाज वाटली, पण बोलून मोकळी झाले. तेव्हापासून ज्याला लिहिता येईल त्याने लिहायचं, बाकीच्यांनी बोलायचं.

नव्या चिठ्ठ्या आधीच तयार होऊन आल्या होत्या. धुलाई रोज त्यांचे फोटो टाकायची आणि अख्खा समूह वाचायला बसायचा. बालविभाग. प्रसूती. अपघात. शस्त्रक्रियेपाशी सगळ्यांचं घोडं अडायचं. बसचालक वैतागून म्हणाला, "बाई, या शब्दात गाडी तीनदा मागे घ्यावी लागते!" धुलाई मात्र तो शब्द सोडेना. दिवसातून वीस वेळा म्हणायची, अडखळायची, पुन्हा म्हणायची.

एक तारखेला सकाळपासून मला काही सुचेना. तिची पाळी दोनला सुटणार होती. कधी नव्हे ते दूधही उतू घालवलं. सव्वादोन वाजता मोबाइल वाजला. आवाज नव्हता, लिहिलेलं होतं. सून घरूनच काम करत होती, तिच्या खोलीत धावले आणि मोठ्याने वाचायला लागले.

'गाठोडी साठ. एक चुकले. शस्त्रक्रिया. मीच परत गेले. मीच बदलले.'

पुढची ओळ मला वाचताच येईना. डोळ्यांत इतकं पाणी आलं की अक्षरंच दिसेनात. सुनेने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि शेवटचं तिने वाचलं.

"'उद्या या म्हणाले.'"