घेणाऱ्याची सही

गाडीचा नंबर लिहिता लिहिता तिचं पेन मध्येच थांबलं. पहिले दोन आकडे रकान्यात पडले होते. पुढचे दोन तिला मान वर न करताही सांगता आले असते. तरी तिने मान वर केली. डावा आरसा सुतळीने बांधलेला, पुढच्या काचेवर मध्यभागी चरा. नवऱ्याचाच ट्रक होता.

इस्त्रीच्या दुकानाच्या ओट्यावर तिने खुर्ची टाकली होती. गाडी समोरून गेली तसा ओटा थरथरला आणि खिळ्याला टांगलेले हँगर एकमेकांवर आपटले.

"लिहा ताई, लिहा," इस्त्रीवाला म्हणाला. "भरलेली आहे. चाकं बघा कशी दबलीत."

ती पालिकेच्या नोंदणीवर होती. गल्ली अरुंद, घरं जुनी. तोंडाशीच सात टनांची पाटी लावलेली. त्याहून जड गाडी दिसली की नंबर लिहायचा, वेळ लिहायची आणि वही संध्याकाळी ऑफिसात द्यायची, एवढंच काम. एरवी तिची खुर्ची बाजाराच्या बाजूला असायची. आज इथला नेहमीचा कारकून रजेवर गेला म्हणून साहेबांनी तिला पाठवलं होतं, नेमकं इथेच. सासूबाई याच गल्लीत राहत. सकाळपासून ती त्यांच्या दाराकडे पाठ करून बसली होती.

नवरा यापूर्वी दोनदा सापडला होता, दुसऱ्या रस्त्यांवर. दोन्ही वेळा दंडावर निभावलं. तिसऱ्यांदा सापडला की लायसन्स सहा महिने जप्त. दुसऱ्या दंडानंतर त्याने तिच्यासमोर कबूल केलं होतं, आता बाहेरूनच जाईन, तास गेला तरी चालेल. तेव्हापासून तो रोज तासभर उशिरा यायचा, आणि ती गार झालेली भाजी पुन्हा गरम करताना त्या बाहेरच्या रस्त्याच्या नावाने बोटं मोडायची.

गाडी गल्लीतून पार गेलीच नाही. सासूबाईंच्या दारासमोर थांबली. नवरा उतरला, दार न वाजवताच आत गेला.

"हा रोजचाच," इस्त्रीवाला म्हणाला. "आईकडे येतो. पंधरा दिवस झाले, साडेपाचचा ठोका चुकवत नाही. इथले नेहमीचे कारकून बरोब्बर त्याच वेळी चहाला जायचे. मोठे भले गृहस्थ."

तिने मान वहीत घातली.

"सून आहे म्हणतात," इस्त्रीवाला शर्टाची कॉलर दाबत म्हणाला. "कशी आहे कोण जाणे. म्हातारी तिच्याबद्दल बरं नाही की वाईट नाही, अवाक्षर काढत नाही."

तिचे कान तापले. नवरा आईकडे रविवारी जातो, एवढंच तिला माहीत होतं. मग हे रोजचं काय? आणि तिच्यापासून लपवून?

वहीचं पान नंबर घातलेलं, खाडाखोड केली तर कारण लिहावं लागे. गाडी माल उतरवायला थांबली असेल तर दंड नव्हता, पण शेवटच्या रकान्यात मालाचं नाव आणि घेणाऱ्याची सही हवी. तिने वही काखेत मारली आणि उठली. तीन वर्षं ज्या दाराकडे पाहिलं नव्हतं तिथवर जायला तिला शंभर पावलंसुद्धा लागली नाहीत.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर काळा चष्मा. नवरा त्यांच्यावर वाकलेला, दोन बोटांत औषधाची इवलीशी बाटली, जीभ दातांत धरलेली. भरलेली गाडी बोळातून उलटी काढणाऱ्या त्या हाताला नेम साधेना. थेंब घरंगळून गालावर गेला.

"गेला का?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

त्याला दारात बायको दिसली होती.

तिने वही टेबलावर ठेवली. मोरीशी जाऊन साबणाने हात धुतले, कोरडे केले, आणि त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब सोडला. थेंब बरोबर आत गेला.

सासूबाईंनी साबणाचा वास हुंगला. मग म्हणाल्या, "हात कुणी धुतले? हा तर कधी धूत नाही."

"मी धुतले, आई."

"हं," त्या म्हणाल्या. मान मागेच ठेवली.

तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवायचे यावरून भांडण सुरू झालं होतं आणि हे घर नक्की कुणाचं इथपर्यंत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई आपल्या या जुन्या दोन खोल्यांत परतल्या. त्यानंतरचे हे पहिले शब्द.

"मोतीबिंदू काढलाय," नवरा पुटपुटला. "सकाळ-दुपार शेजारीण घालते थेंब. संध्याकाळी ती कामावर असते. डॉक्टरांनी साडेपाच सांगितलेत. बाहेरून आलो तर सहा वाजून जातात."

"मला का नाही सांगितलंत?"

त्याने आईकडे पाहिलं.

"मी नको म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. "तू आली असतीस. आणि मला ते आवडलं असतं. मग तीन वर्षं रुसून बसलेल्या बाईची काय किंमत राहते?"

तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. तिने तोंड वळवलं आणि वही उघडली.

"दोन आकडे लिहून झालेत," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने पान पाहिलं. चेहरा उतरला. ओठांवरून हात फिरवून म्हणाला, "पुढचेही लिही. माझ्यापायी तुझी नोकरी नको जायला. सहा महिने काय, मिळेल ते करीन."

तिने उरलेले दोन आकडे लिहिले. मग विचारलं, "गाडीतून काय उतरवलंत?"

"काही नाही. सिमेंट आहे, उद्या टाकायचंय."

"येताना हातात काय होतं?"

"हातात? ही बाटली. जुनी दुपारी संपली."

वहीच्या पहिल्या पानावर नियम छापलेले होते. तिने ते पुन्हा वाचले, एकेका ओळीवर बोट ठेवून. गाडीचं वजन किती, पाटी कुठे, दंड कितव्यांदा किती, सगळं होतं. उतरवलेला माल किती जड असावा ते मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. साहेब हसतील, कदाचित उद्या बोलावून घेतील. तिने मालाच्या रकान्यात लिहिलं: डोळ्यांचं औषध, एक बाटली.

"आई, इथे सही लागेल. घेणाऱ्याची."

"काय लिहिलंयस ते आधी वाच."

तिने वाचून दाखवलं.

"आजच आणलीय, खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं. तिने त्यांचं बोट रकान्यावर टेकवलं. सही ओळ सोडून खाली गेली, पण सही झाली.

नवऱ्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

"एवढ्यात हुश्श करू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आज खरं होतं म्हणून केली. उद्या हीच बाटली पुढे केलीत तर करणार नाही. ती भिंत बघा."

दोघांनी पाहिलं. खाटेच्या वर, छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते, आणि एका जागी बोळाही सैल होऊन बाहेर आला होता.

"सगळ्यांच्याच गाड्यांनी पडलाय तो. पण त्यात हाही आला. तांब्यातलं पाणी हललं की मला कळतं, पोरगा आला."

"आई, बोलली का नाहीस?" त्याचा आवाज खाली गेला.

"बोलले असते तर आला असतास का?"

त्याने मान खाली घातली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. त्याच्या गाडीने रस्ता अडला होता. तो उठला, चावी हातात घेतली, पण निघेना.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "आणि उद्यापासून खरंच बाहेरून जा. इकडे मी येईन. चहाची सुट्टी मी याच वेळी घेईन."

तो गेला. गाडी सुरू झाली, तांब्यातलं पाणी थरथरलं आणि हळूहळू शांत झालं.

सासूबाईंनी मांडीवरचा चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला.

"साडेपाच म्हणजे साडेपाच हं," त्या म्हणाल्या. "आणि थेंब टाकून लगेच पळायचं नाही. नंतर वीस मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलंय. मिटल्या डोळ्यांनी वेळ जात नाही. कुणीतरी बोलत असलं तर बरं पडतं."