कंदील उतरवायचा कुणी

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या त्या घराच्या दारातला दिवा २००६ च्या दिवाळीपासून रुसला होता. एरवी माणूस पायरीवर आलं की आपोआप पेटायचा; आता पुढ्यात कुणी नाचलं तरी ढिम्म. उल्हास तीन शनिवार शिडीवर चढत होता. बल्ब बदलला, सेन्सर पुसला, कोळिष्टकं काढली. जन्मभर कारखान्यातले पंप दुरुस्त केलेल्या माणसाला हे सोंग झकास जमत होतं.

हो, सोंगच. खोट त्याला पहिल्याच दिवशी कळली होती. सेन्सरला खेटून आकाशकंदील टांगलेला. तिन्हीसांजेला तो लागला की त्याच्या उजेडाने सेन्सरला वाटायचं, अजून दिवसच आहे. मग दिवा पेटेल कशाला? कंदील उतरवला की काम फत्ते. पण नोव्हेंबर सरत आला तरी अहिल्या, त्याची बायको, ऐकत नव्हती. “ध्रुवने बघितल्याशिवाय नाही,” म्हणायची.

ध्रुव, त्यांचा मुलगा, एर्लांगेनला इलेक्ट्रिकल शिकत होता. जुलैत दोन पेपर राहिले तेव्हा उल्हास म्हणाला होता, “पास झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.” पोरगं बापाच्या वळणावर गेलेलं, शब्द धरून बसलं, दिवाळीलाही आलं नाही. त्याच्या आठवणीने उल्हासला घास उतरत नसे. पण आधी फोन कोण करणार? त्यापेक्षा शिडी बरी.

आज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजारीण फ्राऊ केसलर कंदिलाच्या अंधुक उजेडात पायरी न दिसून घसरल्या. थोडक्यात निभावलं.

“अहो, काढा तो कंदील,” अहिल्या म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

उल्हास वर चढला, कंदिलाला हात लावला आणि तसाच खाली उतरला. त्याने फोन लावला.

“ध्रुव, अरे, दारातला दिवा पेटत नाही. फ्राऊ केसलर घसरल्या आज.”

“आल्झो... म्हणजे, बाबा, शेजारी कंदील लावलाय का?”

“हो.”

“मग तो काढा ना. सेन्सरला दिवस वाटतो.”

“ठाऊक आहे रे.” उल्हासने वर कंदिलाकडे पाहिलं. “माझ्याच्याने निघत नाही. तू येऊन काढ.”

“बाबा, परीक्षा फेब्रुवारीत आहे. मी अजून पास नाही झालो.”

“मी विचारलं का?”



“शनिवारी येतो,” ध्रुव म्हणाला. “तोवर फ्राऊ केसलरना टॉर्च द्या.”